पत्र्याची ट्रंक आणि आठवणींचीं दालनें

आमच्या लहानपणीं घराच्या माळ्यावर एक हिरव्या रंगाची पत्र्याची ट्रंक असे. पावसाळा सरला कीं ती खालीं उतरवीत आणि आंतील कपडे उन्हांत घालीत. कपड्यांच्या तळाशीं एक पितळी अडकित्ता, कडा झिजलेलें एक पंचांग आणि कोणाचा तरी चौकट नसलेला फोटो होता. आजी त्या वस्तू एकेक करून हातांत घेई, क्षणभर थांबे, आणि पुन्हा होत्या तशाच ठेवून देई. त्या कोणाच्या, असें आम्हीं कधीं विचारलें नाहीं, आणि तिनेंहि आपण होऊन सांगितलें नाहीं. आज आजी नाहीं. वस्तू आहेत, पण त्यांच्याविषयीं सांगणारें कोणी उरलेलें नाहीं.

एका माणसाच्या मनांतील आठवण दुसऱ्याच्या स्वाधीन कशी करावी, हा प्रश्न फार जुना आहे. कोणी ती गोष्टींत सांगितली, कोणी गाण्यांत, कोणी चित्रांत. विसाव्या शतकांतील कांहीं कलावंतांनीं याहून निराळा मार्ग धरला. त्यांनीं आठवणीचें दालनच उभें केलें. भिंती, उजेड, अंधार, आवाज, हलणारीं चित्रें, वापरून जुन्या झालेल्या वस्तू, हें सारें एकत्र मांडलें आणि पाहणाऱ्यालाच त्याच्या आंत नेऊन उभें केलें. या कलाप्रकारास मराठींत ‘मांडणशिल्प’ हें नांव आतां रूढ झालें आहे. त्याचा सगळा इतिहास एका भाषणांत सांगणें शक्य नाहीं. आणि तीं दालनें डोळ्यांना दाखविण्याची सोय नभोवाणीजवळ नाहीं. म्हणून हॅनोव्हर, मॉस्को, न्यूयॉर्क आणि मुंबई या चार शहरांशीं निगडित अशीं मोजकींच दालनें मी आज शब्दांनीं आपल्यापुढें उघडणार आहें, आणि त्यांतून हिंडतां हिंडतां एका प्रश्नाचा विचार करणार आहें. तो प्रश्न असा कीं, जिला आपण आपली म्हणतों ती आठवण खरोखर असते कोणाची?

मांडणशिल्प म्हणजे कांहीं तरी सर्वस्वीं परकें, अशी समजूत करून घेण्याचें कारण नाहीं. गणेशोत्सवांतील देखावा आपण सर्वांनीं पाहिला आहे. दिवाळींत मुलें अंगणांत मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरून हिरवळ उगवतात, मावळे उभे करतात. वस्तू अशा रीतीनें मांडावयाच्या कीं पाहणाऱ्याला एका निराळ्या जगाचा भास व्हावा, ही कल्पना आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु देखाव्याची आणि किल्ल्याची कथा सर्वांना आधींच ठाऊक असते. अफझलखान कोण आणि प्रतापगड कोठें, हें कोणाला सांगावें लागत नाहीं. उलट, ज्या दालनांविषयीं मी बोलणार आहें, त्यांतील कथा एकट्यादुकट्या माणसाच्या मनांत होती. पाहणारा ती न जाणतां दारांतून आंत येतो. त्याला पाठ्यपुस्तक न वाचवितां ती कथा कळली पाहिजे, निदान तिचा ताप तरी जाणवला पाहिजे. चित्राला चौकट असते. चौकटीच्या अलीकडे आपण आणि पलीकडे चित्र, असें एक सुरक्षित अंतर असतें. दालनांत तें अंतर नाहीं. म्हणूनच या कलेचें सामर्थ्य मोठें आणि तिची जबाबदारीहि मोठी.

पहिलें दालन जर्मनींतील हॅनोव्हर शहरांत, एका राहत्या घरांत तयार झालें. कुर्ट श्विटर्स याचा जन्म याच शहरांत १८८७ सालीं झाला. पहिल्या महायुद्धांत जर्मनीचा पराभव झाला, चलनाची किंमत नाहींशी झाली, आणि जुनें जग मोडून पडलें. श्विटर्स रस्त्यांत पडलेलीं ट्रामचीं तिकिटें, फाटक्या जाहिराती, तारा, लाकडाचे तुकडे उचलून आणी आणि ते जोडून चित्रें करी. ‘कोमर्झ’ हें छापील नांव कापलें जाऊन ‘मेर्झ’ एवढाच तुकडा त्याच्या एका चित्रांत राहिला. तोच निरर्थक शब्द त्यानें आपल्या सगळ्या कलेचें नांव म्हणून स्वीकारला.

१९२३ च्या सुमारास हें काम चौकटींत मावेनासें झालें. वाल्डहाउझेनस्ट्रासे या रस्त्यावरील घराच्या एका खोलींत त्यानें उभारलेल्या स्तंभाला वस्तू चिकटत गेल्या. वस्तूंवर लाकूड आणि प्लास्टर चढलें. भिंतींतून कोन पुढें आले. आणि पाहतां पाहतां ती रचना शेजारच्या खोल्यांतहि शिरली. तिच्या पोटांत लहान लहान गुहा होत्या. प्रत्येक गुहा एकेका मित्राच्या किंवा एकेका प्रसंगाच्या नांवें राखलेली असे. मित्राची पेन्सिल, बुटाची नाडी, केंसांची बट, असल्या वस्तू कधीं मागून, कधीं न मागतां घेऊन तो त्या गुहेंत ठेवी. हान्स रिख्टर हा चित्रपटकार त्याचा स्नेही होता. कांहीं वर्षांनीं तो पुन्हा त्या घरीं गेला तेव्हां पूर्वींच्या गुहा त्याला कोठेंच दिसल्या नाहींत. श्विटर्सनें त्याला सांगितलें कीं, त्या सगळ्या आहेत, पण आतां खूप खोल आंत आहेत. पुढच्या थरांनीं मागचे थर झांकले होते. माणसाच्या मनांत आठवणी अशाच राहतात. नष्ट होत नाहींत, झांकल्या जातात. श्विटर्सनें हें तत्त्व म्हणून मांडलें नाहीं. त्यानें तें घरांत बांधून दाखविलें.

१९३३ मध्यें जर्मनींत नाझी पक्षाची सत्ता आली आणि असली कला ‘अधःपतित’ ठरली. जानेवारी १९३७ मध्यें श्विटर्स नॉर्वेस निघून गेला. त्याची पत्नी हेल्मा घर सांभाळण्यासाठीं मागें राहिली. दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर दोघांची भेट झाली नाहीं. १९४४ सालीं ती वारली. त्याच्या आदल्याच वर्षीं, ऑक्टोबर १९४३ मध्यें, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनीं हॅनोव्हरवर केलेल्या बाँबवर्षावांत तें घर त्यांतील साऱ्या गुहांसह नाहींसें झालें होतें. श्विटर्सनें नॉर्वेंत दुसरें दालन आरंभिलें. तें १९५१ सालीं आगींत जळालें. इंग्लंडांतील एल्टरवॉटर येथें १९४७ सालीं एका दगडी कोठारांत त्यानें तिसरें दालन सुरू केलें. परंतु जानेवारी १९४८ मध्यें त्याला मृत्यु आला तेव्हां एकच भिंत तीहि अर्धवट अशी तयार होती. ती भिंत पुढें १९६५ सालीं उचलून न्यूकॅसलच्या हॅटन संग्रहालयांत नेण्यांत आली. हॅनोव्हरच्या खोलीची जुन्या छायाचित्रांवरून केलेली प्रतिकृति त्या शहरांतील श्प्रेंगेल संग्रहालयांत आहे. आकार तोच आहे. पण मित्राची ती खरी पेन्सिल तींत नाहीं.

दुसरें दालन आईच्या आठवणींचें आहे. इल्या कबाकोव्ह हा १९३३ सालीं युक्रेनमधील द्निप्रोपेत्रोव्स्क शहरांत जन्मला. त्या शहराला आज द्निप्रो म्हणतात. सोव्हिएत राजवटींत चित्रकाराला सरकारमान्य चित्रें काढावीं लागत. कबाकोव्हनें अनेक वर्षें मुलांच्या पुस्तकांसाठीं चित्रें काढून पोट भरलें, आणि आपलें खरें काम मॉस्कोंतील माळ्यावरच्या खोलींत मोजक्या मित्रांनाच दाखविलें. १९८५ सालीं तेथेंच त्यानें एक खोली उभी केली. भिंतींवर घोषणांचे सरकारी कागद, मधोमध टांगलेली एक ओबडधोबड गोफण, आणि छताला पडलेलें भोंक. या खोलींत राहणारा माणूस छत फोडून अंतराळांत निघून गेला, अशी ती कथा. ज्या देशानें पहिला अंतराळवीर धाडला, त्याच देशांतील एका भाडेकऱ्याला सुटकेचा दुसरा मार्ग दिसला नाहीं, हें ती खोली न बोलतां सांगत होती.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचें तें त्याचें १९९० सालचें ‘भूलभुलय्या: माझ्या आईचा संग्रह’ हें दालन. आपण आंत शिरतों तों मंद दिव्यांचा, वळणें घेत जाणारा एक बोळ लागतो. सरकारी इमारतींतल्यासारख्या उदास भिंती, आणि त्यांवर ओळीनें लावलेल्या चौकटी. प्रत्येक चौकटींत नात्यांतील एका वडीलधाऱ्यानें टिपलेलें छायाचित्र आणि सोबत कबाकोव्हच्या आईच्या आत्मवृत्तांतील एक उतारा. हें आत्मवृत्त तिनें म्हातारपणीं मुलाच्या सांगण्यावरून लिहिलें. त्यांत दारिद्र्य आहे, उपासमार आहे, मोडलेला संसार आहे, युद्धांतील पळापळ आहे. मुलाला मॉस्कोच्या कलाशाळेंत प्रवेश मिळाला तेव्हां त्याच्याजवळ राहावें म्हणून ती तेथें आली. शहरांत राहण्याचा सरकारी परवाना तिच्याजवळ नव्हता. तेव्हां मिळेल तें काम करीत, कधीं शाळेच्याच एका अडगळीच्या जागेंत लपून, तिनें दिवस काढले. हें वाचीत वाचीत आपण पुढें सरकतों तेव्हां दुरून एका पुरुषाचा आवाज ऐकूं येऊं लागतो. तो कबाकोव्हचाच. लहानपणीं ऐकलेलीं गाणीं तो अर्धवट आठवीत गुणगुणत असतो. बोळाच्या मध्याशीं, जेथून आवाज येतो तेथें पोहोंचावें, तर एक अंधारी लहानशी खोली आणि तींत मोडकेंतोडकें सामान, एवढेंच. मुलगा तेथें नाहीं, आई तेथें नाहीं. मग बोळ पुन्हा वळत वळत बाहेर जातो.

या दालनाची रचना बारकाईनें पाहण्यासारखी आहे. कबाकोव्हनें आईचें दुःख स्वतःच्या शब्दांत सांगितलें नाहीं. तिचे शब्द जसेच्या तसे ठेवले, आणि तिच्यासारखेंच थकविणारें एक लांब चालणें पाहणाऱ्याच्या पायांवर लादलें. वाचून कंटाळा येतो, दिवे पुरेसे नाहींत, बोळ संपत नाहीं. हा कंटाळा म्हणजे दोष नव्हे. तोच या कृतीचा आशय आहे. भिंती, उजेड, आवाज, वस्तू आणि पाहणाऱ्याची चाल हीं सर्व मिळून एकच कृति होते, हा विचार त्यानें पुढें व्याख्यानांतून सविस्तर मांडला. अशा कृतीस तो ‘संपूर्ण मांडणशिल्प’ म्हणे. २०२३ सालीं त्याचें निधन झालें.

आठवण म्हटली कीं ती हळवी आणि गोड असावी, असें आपण गृहीत धरतों. लुईज बूर्झ्वा या शिल्पकर्तीनें हें गृहीत मोडून काढलें. तिचा जन्म पॅरिसमध्यें १९११ सालीं झाला. जुने विणीव भित्तिपट दुरुस्त करणें हा तिच्या आईवडिलांचा व्यवसाय होता. मुलांना इंग्रजी शिकविण्यासाठीं घरांत ठेवलेल्या तरुणीशींच वडिलांचे संबंध होते, आणि आई तें जाणून गप्प राहिली होती. या गोष्टीचा राग लुईजनें आयुष्यभर वागविला. १९३८ सालीं ती लग्न होऊन न्यूयॉर्कला गेली. पण हा राग तिनें पुऱ्या दालनांच्या रूपानें बांधला तो वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. जाळीचे पिंजरे, जुनीं दारें, आरसे, पलंग, सुया, दोऱ्याचीं रिळें यांतून तिनें सुमारें साठ ‘कोठड्या’ तयार केल्या. त्यांपैकीं एकींत शुआझी येथील बालपणच्या घराची गुलाबी संगमरवरी प्रतिकृति आहे, आणि पिंजऱ्याच्या तोंडाशीं, वर, फ्रेंच राज्यक्रांतींतील तें शिरच्छेदाचें पातें लटकत आहे. घर सुंदर आहे. पातें खरें आहे. प्रेम आणि संताप एकाच वस्तूंत कसे राहतात, हें यापेक्षां स्पष्ट सांगणें कठीण. ती २०१० सालीं, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन, वारली.

आतां आपल्याकडे वळूं. उजेडानें आणि सावलीनें गोष्ट सांगण्याची कला महाराष्ट्राला नवी नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळी गांवचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडून रामायणांतील कथा सांगत आले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या झोतानें मोठीं करून दाखविण्याचे खेळ केले. त्यानंतर ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें प्रथम दिसलीं. चित्र भिंतीवरून सुटून हवेंत तरंगूं शकतें, हें मुंबईनें त्या काळापासूनच पाहिलें होतें. प्रश्न होता तो हें साधन कोणत्या आठवणीसाठीं वापरावें, हा.

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ सालीं कराचींत झाला. पुढल्याच वर्षीं फाळणी झाली आणि हें कुटुंब घर सोडून हिंदुस्थानांत आलें. आधीं कलकत्त्यास आणि मग मुंबईस. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें. १९६९ सालीं चित्रकार अकबर पदमसी यांनीं मुंबईंत कलावंतांसाठीं प्रयोगशाळेसारखी एक कार्यशाळा चालविली. तींत तरुण मलानी यांनीं पुठ्ठ्याच्या इमारतींची रंगीत चलच्चित्रफीत केली. नव्या देशांत सर्वांना घर मिळेल, या त्या काळच्या आशेचें तें चित्र होतें. १९७६ सालीं त्यांनीं तिला दुसरी, काळीपांढरी, फीत जोडली. तींत उंच इमारतीच्या खिडकींतून खालची झोपडपट्टी दिसते. दोन्ही शेजारीं शेजारीं दाखवितात. सात वर्षांत एका आशेचें काय झालें, हें पाहणाऱ्यानें स्वतःच ताडावयाचें.

त्यांची कामाची खोली पुढें लोहार चाळीच्या गजबजलेल्या वस्तींत होती. हातगाडीवाले, हमाल, रस्त्यावर झोंपणारे लोक, हे त्यांच्या चित्रांत येत राहिले. १९९२ सालीं मुंबईच्या शेमोल्ड कलादालनांत त्यांनीं कागद किंवा कापड न वापरतां दालनाच्या भिंतींवरच चित्रें काढलीं आणि पंधरा दिवसांनीं तीं पुसून टाकलीं. राजस्थानांतील नाथद्वारा येथील जुनीं भित्तिचित्रें उपेक्षेनें नष्ट होत होतीं, त्यांची ती आठवण होती. वस्तूचें नाहींसें होणें हाच जेथें विषय, तेथें चित्रानेंहि नाहींसें व्हावें, असा त्यामागचा विचार.

मे १९९८ मध्यें पोखरण येथें भारतानें अणुचाचण्या केल्या. त्याच महिन्यांत पाकिस्ताननेंहि केल्या. या घटनेनें मलानी यांच्या मनांत फाळणीचा जुना व्रण पुन्हा उघडला. सआदत हसन मंटो यांची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा आपणांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. मंटो कांहीं काळ दिल्लीच्या आकाशवाणींत नोकरीस होते. मुंबई सोडून ते १९४८ सालीं लाहोरला गेले. फाळणीनंतर दोन्ही देशांनीं वेड्यांच्या इस्पितळांतील वेड्यांचीहि अदलाबदल केली, आणि त्यांतला एक वेडा दोन सीमांच्या मधल्या, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर पडला, अशी ती कथा. तिच्यावरून मलानी यांनीं जें दालन केलें तें १९९९ सालीं मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयांत, म्हणजे आजच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, लोकांपुढें आलें. जमिनीवर बारा पत्र्याच्या ट्रंका उघड्या ठेवलेल्या. प्रत्येक ट्रंकेंत दूरचित्रवाणीचा एक पडदा. त्यावर घरदार सोडून निघालेल्या माणसांचीं चित्रें. समोरच्या भिंतीवर अणुस्फोटाचा उठणारा ढग. आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया, एक या देशाची, एक त्या. दोघी मिळून एका साडीची घडी घालूं पाहतात, आणि मधें सारें दालन पसरलेलें असल्यामुळें घडी कांहीं जुळत नाहीं. त्या मधल्या जागेंत उभा कोण? तर पाहणारा. मंटोचा वेडा जेथें पडला, तेथेंच आपण उभे आहों, हें त्याच्या ध्यानीं येतें, आणि तें कोणी सांगावें लागत नाहीं.

श्रोतेहो, ती पत्र्याची ट्रंक या ठिकाणीं पुन्हा आली, हें आपल्या लक्षांत आलेंच असेल. घाईंत घर सोडणारा माणूस ट्रंकच उचलतो. विवान सुंदरम यांच्या कामांतहि ती भेटते. डिसेंबर १९९२ मध्यें अयोध्येंतील बाबरी मशीद पाडली गेली, आणि त्यानंतर मुंबईंत दंगली उसळल्या. रस्त्यावर मरून पडलेल्या एका मनुष्याचें होशी जाल यांनीं टिपलेलें छायाचित्र वृत्तपत्रांत छापून आलें होतें. त्या मनुष्याला मरणानंतरचे साधे संस्कारहि मिळालेले दिसत नव्हते. सुंदरम यांनीं १९९३ सालीं ‘स्मारक’ हें दालन केलें, तें त्या एका छायाचित्राभोंवतीं. तेंच छायाचित्र पुन्हा पुन्हा घेऊन त्यावर त्यांनीं खिळ्यांची चादर अंथरली, त्याला कांचेची पेटी केली, आणि वाटेवर ट्रंका रचून एक कमान उभारली. शासनानें जें स्मारक कधीं बांधलें नसतें, तें एका चित्रकारानें खिळ्यांनीं आणि ट्रंकांनीं बांधलें. सुंदरम २०२३ सालीं निवर्तले.

त्याच दिवसांत मुंबईंत राहणाऱ्या रुम्माना हुसेन यांच्यावर आपलें नांवच आपली ओळख होऊन बसल्याची वेळ आली. तोंवर त्या चित्रें रंगवीत. १९९२ नंतर त्यांनीं फुटलेलीं मडकीं, आरशाचे तुकडे, छायाचित्रें यांच्या मांडण्या केल्या. १९९६ सालच्या एका मांडणींत घर आणि राष्ट्र हे दोन शब्द त्यांनीं शेजारीं शेजारीं ठेवले. दंगलींत हे दोन शब्द एकमेकांपासून तुटतात, हें त्यांनीं घरांतूनच पाहिलें होतें. १९९९ सालीं ऑस्ट्रेलियांत मांडलेलें त्यांचें अखेरचें दालन रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ या दोहोंसारखें होतें. त्या स्वतः तेव्हां कर्करोगानें आजारी होत्या, आणि त्याच वर्षीं त्यांचें निधन झालें.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. ही कला स्वतःच्या आठवणींतून आणि भावनेंतून जन्मते, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आपण पाहिलेल्या दालनांतील आठवण कोणाची होती? श्विटर्सच्या गुहांत मित्रांच्या वस्तू होत्या. कबाकोव्हच्या बोळांत आईचें आयुष्य होतें. फाळणीच्या वेळीं मलानी जेमतेम वर्षाच्या होत्या. त्यांची फाळणी ही आईवडिलांच्या बोलण्यांतून आणि न बोलण्यांतून त्यांच्यापर्यंत आली. सुंदरम यांनीं तर ज्या मनुष्याला कधीं पाहिलेंहि नव्हतें, त्याचें स्मारक केलें. म्हणजे आपली म्हणून आपण जी आठवण उघडतों, तींत बहुधा दुसरेंच कोणी राहत असतें. एकट्या बूर्झ्वाचा राग तिचा स्वतःचा म्हणावा, तर त्यांतहि गप्प राहिलेली आई आहेच.

हें एकदां मान्य केलें कीं कलावंताच्या अधिकाराला मर्यादा पडते. दुसऱ्याचें दुःख दिव्यांच्या झगमगाटांत मांडून टाळ्या घेणें हें कांहीं फारसें कठीण नाहीं. अलीकडे जगांतील मोठ्या शहरांत प्रसिद्ध चित्रकारांचीं चित्रें चहूं भिंतींवर प्रचंड आकारांत फिरवून दाखविण्याचे तिकिटाचे खेळ निघाले आहेत. लोक त्यांत आनंदानें बुडून जातात, आणि त्या आनंदाला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण बुडणें निराळें आणि कळणें निराळें. चहूंकडून प्रकाश आणि संगीत अंगावर आलें कीं मन भारावतें; भारावलेलें मन प्रश्न विचारीत नाहीं. आपण पाहिलेल्या कलावंतांनीं याच्या उलट केलें. कबाकोव्हनें दिवे मंद केले. मलानी यांनीं साडीची घडी अपुरी ठेवली आणि भिंतीवरचें चित्र पुसलें. सुंदरम यांनीं मृताचें शरीर खिळ्यांनीं झांकलें. प्रत्येकानें कांहीं तरी राखून ठेवलें, आणि जेथें राखून ठेवलें तेथेंच पाहणाऱ्याला स्वतःचें कांहीं आणून ठेवण्यास जागा झाली. कराचीचें घर ज्यानें कधीं पाहिलें नाहीं, त्यालाहि त्या ट्रंकेपाशीं आपलें सुटलेलें गांव आठवतें, तें यामुळें.

या कलेवर एक आक्षेप असा घेतात कीं, ती टिकत नाहीं. प्रदर्शन संपतें, तारा सुटतात, पडदे विझतात, ट्रंका गोदामांत जातात. हा आक्षेप खरा आहे. जुनीं चित्रमुद्रणें चालविणारीं यंत्रेंच कांहीं वर्षांत मिळेनाशीं होतात, आणि तीं दालनें सांभाळणें हें संग्रहालयांपुढचें मोठें संकट आहे. परंतु हॅनोव्हरचें घर विटांचें होतें, तरी तें टिकलें नाहीं. टिकलें तें एवढेंच कीं, रिख्टरसारख्या कोणी तें पाहिलें होतें आणि पाहिलेलें सांगितलें. दालन नाहींसें झालें तरी त्यांतून चालून गेलेला माणूस मागें उरतो. त्याच्याकडून तें दुसऱ्याला कळतें. आजच्या या भाषणानें तेंच केलें आहे.

आपण सर्वच कांहीं दालनें बांधणार नाहीं. पण कबाकोव्हच्या हकीगतींतील एक गोष्ट आपणांस कोणालाहि करतां येण्याजोगी आहे. आईनें लिहिलें, कारण मुलानें विचारलें. त्यानें विचारलें नसतें तर ती परवान्यावांचून काढलेली वर्षें, ती अडगळीची जागा, तें सारें तिच्याबरोबरच गेलें असतें, आणि पुढचा तो बोळ कधींच उभा राहिला नसता. आमच्या माळ्यावरील ट्रंक अजून आहे. अडकित्ता आहे, पंचांग आहे, तो फोटोहि आहे. त्यांत कोण आहे, हें आतां घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं, कारण ज्या दिवसांत विचारावयाचें त्या दिवसांत आम्ही उन्हांत वाळत घातलेल्या कपड्यांखालून लपंडाव खेळत होतों. आपल्या घरीं अशी एखादी ट्रंक असेल, आणि ती उघडून क्षणभर थांबणारें कोणी वडीलधारें माणूस असेल, तर पुढल्या वेळीं त्याच्याजवळ बसावें आणि तें कोणाचें, एवढें विचारावें.